हसल्याशिवाय खुर्ची हलत नाही

"उठा जरा," असं म्हणत दलंदानं तस्नीमच्या आईखालची निळी खुर्ची ओढली आणि चटईजवळून उचलून खिडकीखाली नेऊन ठेवली. "आता इथं बसा."

तस्नीमची आई पर्स छातीशी धरून उभीच राहिली. "अहो पण ती रडेल."

"आत्ता हसली की ती. त्या पोराच्या नाकाला कणीक चिकटली म्हणून खिदळली, ऐकलं नाहीत? मूल हसलं की खुर्ची मागं सरकते. हसल्याशिवाय हलत नाही. या रौदात हा एकच कायदा आहे, बाकी सगळा गोंधळ."

आई बसली. चटईवरच्या तस्नीमनं मान वळवली, खिडकीखाली आई आहे एवढं पाहून घेतलं आणि पुन्हा कणकेचा गोळा थापटायला लागली.

"मग मी जायचं कधी? सोमवारपासून मला शिवणाच्या कारखान्यात हजर व्हायचंय."

"चटईवरून खिडकी, खिडकीवरून दार, दारावरून फाटक. फाटकाशी पोचलात की सुटलात. पण जाताना तिच्या तोंडावर सांगून जायचं, बरं का. रमलीय म्हणून मागच्या मागं सटकायचं नाही. सटकलात तर उद्यापासून खेळणं सोडून दाराकडंच बघत बसेल पोरगी."

आमच्या झग्वानात बालवाडीला रौदा म्हणतात, आणि अर्ध्या गावाच्या आया दलंदाच्या रौदातल्या त्या खुर्चीत बसून गेल्यात. दारं रंगवून उरलेल्या निळ्या रंगात दलंदानं ती स्वतः रंगवली, तेव्हा तिचे केस काळे होते. आता केस पांढरे झालेत आणि खुर्चीचे टवके उडालेत, एवढाच काय तो फरक.

ती वळली तर मागं सोंदूस उभी. सोंदूस म्हणजे रौदातली दुसरी बाई, वयानं मुलीसारखी, कामाला वाघीण. दलंदाला ती मानानं लल्ला म्हणायची.

"पोरगी परवापर्यंत रमेल," दलंदा तिच्या कानाशी लागून म्हणाली. "आईला मात्र आठवडा लागणार. ही खुर्ची पोरांसाठी नसतेच मुळी."

"माहीत आहे, लल्ला," सोंदूस म्हणाली आणि उगाचच हसली. मग म्हणाली, "गुरुवारी मादाम नजवा येतायत. फोन आला होता."

"कुणाला?"

"मला."

सोंदूस खाली बसून एका पोराच्या बुटाचे बंद बांधायला लागली. ते बंद चांगले बांधलेले होते.

मादाम नजवा ही राजधानीतली बाई. लहान मुलांच्या शिक्षणाचं जे राष्ट्रीय मंडळ आहे, त्यातली मोठी अधिकारी. शरद ऋतूत एकदा येऊन ती दिवसभर कोपऱ्यात बसली होती. आमच्याकडचे बदाम भरलेले काक तिनं बोटं चाटून खाल्ले आणि जाताना दलंदाला म्हणाली होती, "तुम्ही ट्युनिसला या. देशभराचं काम करा." दलंदानं तिथल्या तिथं उडवून लावलं होतं. "मी गेले तर पोरं रडून जीव देतील," म्हणाली होती. तिला वाटलं, विषय संपला. आणि आता हा फोन, आणि तोही सोंदूसला!

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. संशयाचं असंच असतं, एकदा दार उघडलं की पाहुणे थांबत नाहीत.

दलंदाचं टेबल वर्षानुवर्षं मोठ्या खोलीत, चटईला लागून होतं. शरदातच एक दिवस सोंदूस म्हणाली, "लल्ला, चटईवरची धूळ तुमच्या छातीत जाते, टेबल खिडकीखाली घेऊ." घेतलं. हिवाळ्यात म्हणाली, "खिडकीतनं गार वारं येतं, दाराशी घेऊ." घेतलं. आणि रमजान संपल्यावर, "आयाबाप येतात ते तुम्हालाच शोधतात, फाटकाजवळची छोटी खोली रिकामीच आहे." टेबल तिथंही गेलं. पोरं आता गुडघा फुटला की सोंदूसकडं धावत होती. रडणं दलंदाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि ती उठेउठेपर्यंत थांबलेलं असायचं.

आणि दर वेळी, दर वेळी त्या कार्टीनं आधी हसवलं होतं! एकदा ईदच्या मेंढ्यानं मशिदीतल्या सी तय्यबची टोपी खाल्ली त्याची गोष्ट सांगून. एकदा जेवण तपासायला आलेल्या साहेबाची नक्कल करून. तो कसा चमचा नाकाशी नेऊन डोळे मिटायचा, ते. आणि शेवटी तर दलंदाचा नवराच एका पायात तपकिरी आणि एका पायात काळी चप्पल घालून डबा द्यायला आला, तेव्हा. दलंदा डोळे पुसत हसत होती आणि सोंदूस टेबलाची एक कड उचलत होती. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी तिनं हे सगळं सी मुंजीला सांगितलं. सी मुंजी म्हणजे तिचा नवरा. जन्मभर बस चालवून आता निवृत्त झालेला, आणि बायकोच्या बोलण्यावर ब्रेक मारायचा नाही हे शिकलेला. तो तळलेला गरम ब्रिक खात होता. आतल्या अंड्याचा बलक त्याच्या हनुवटीवरून निघाला होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. "तू गेलीस की रौदा तिची. परवान्यात तुझ्यानंतर तिचंच नाव लागणार."

"तेच म्हणतेय मी!"

"मग तेच मी म्हणतोय. पोरगी हुशार आहे."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"मी ब्रिकच्या बाजूचा. शर्टावर सांडलं बघ." त्यानं बलक बोटानं पुसला आणि बोट चाटलं. "पण काय गं, ते काम काय आहे ते तरी विचारलंस का कधी?"

"मला नकोच आहे तर विचारू कशाला?"

"अस्सं," सी मुंजी म्हणाला. हा शब्द तो बसच्या आरशात बघून प्रवाशांना म्हणायचा तसाच म्हणाला, आणि दलंदाचं डोकं आणखी तापलं.

गुरुवारी मादाम नजवा आली. काळी साधी चप्पल, केस आखूड, हातात गुलाबपाण्याची बाटली. वाटेत बाजारात थांबून घेतलेली. दलंदानं फाटकाजवळच्या खोलीत चहा मांडला. सोंदूस चहाचा ट्रे ठेवून गेली, पण जाताना तिची आणि मादाम नजवाची नजरानजर झाली. दलंदानं ती टिपली.

"कामं चार तऱ्हेची आहेत," मादाम नजवा म्हणाली. "एक, नियम लिहिणारे. दोन, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून शिकवणाऱ्यांना शिकवणारे. तीन, आकडे गोळा करून रेडिओवर, वर्तमानपत्रांत ओरडणारे. आणि चार, संसदेच्या समितीपुढं बसून भांडणारे. लहान मुलांचे वकील म्हणा ना. मला तुम्ही चौथ्या कामाला हव्या आहात."

"यातल्या कुठल्या कामात मूल दिसतं?"

मादाम नजवानं चहाचा घोट घेतला. खोटं बोलावं का, याचा तिनं विचार केलेला दिसला.

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षं बालवाडीत होते, सूसला. आता मला मुलं दिसतात ती भिंतीवरच्या चित्रांत."

दलंदाला ती बाई आवडली, आणि आवडली म्हणून जास्तच राग आला. "मग मला कशाला त्या विहिरीत ढकलता?"

"नवा नियम येतोय. सुरक्षिततेचा. पहिल्या दिवसापासून आईबापांनी फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. मूल फाटकावर द्यायचं, फाटक बंद."

दलंदाचा हात साखरेच्या भांड्यावरच राहिला. "आणि खुर्ची?"

"खुर्ची नाही. मी समितीत बोलले. ते म्हणाले, आईला आत बसवलं तर मूल आणखी रडतं. मी म्हटलं, झग्वानला एक बाई आहे, तिच्याकडं नाही रडत. ते म्हणाले, मग आणा तिला. तिला विचारू." मादाम नजवानं कप खाली ठेवला. "मी आईला खुर्चीत बसवलेलं नाही कधी, लल्ला दलंदा. उलटसुलट विचारलं तर मी गडबडते. तुम्ही नाही गडबडणार. पुढच्या महिन्यात मतं घेणार आहेत."

बाहेर पोरं गाणं म्हणत होती. दलंदाला शब्द ऐकू येत होते, पण कोण बेसूर आहे ते इथून कळत नव्हतं. पूर्वी कळायचं.

"एक सांगा," ती म्हणाली. "मी एकदा नाही म्हटलं होतं. मग पुन्हा माझं नाव कुणी काढलं?"

मादाम नजवानं दाराकडं पाहिलं. "सोंदूसनं. महिन्यातून दोनदा फोन करायची. म्हणायची, अजून थोडं थांबा, दुसऱ्या कुणाला घेऊ नका. आता रमजाननंतर म्हणाली, या."

झालं! संशय होता तोवर निदान त्यात एक फट तरी होती. आता तीही बुजली. दलंदानं पाहुणीला काकचा डबा बांधून दिला, फाटकापर्यंत सोडलं, "सोमवारी कळवते" म्हटलं, आणि मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी आली. खोलीत जाऊन टेबलाच्या दोन कडा धरल्या आणि ओढायला सुरुवात केली. टेबल शिशासारखं जड. ते दाराच्या उंबऱ्याला अडकलं. दलंदा घामाघूम झाली, तोंडानं कुणाकुणाचा उद्धार करत राहिली. तेवढ्यात दुसरी कड आपोआप उचलली गेली. पलीकडे सोंदूस होती. अंगातला कोटही तिनं काढला नव्हता.

दोघींनी टेबल अंगणातून नेलं, मोठ्या खोलीच्या दारातून आडवं करून घेतलं आणि चटईला लागून जुन्या जागी ठेवलं. फरशीवर त्याच्या पायांचे जुने गोल डाग होते. पाय बरोबर त्यांवर बसले.

"आता मी इथंच बसणार," दलंदा म्हणाली.

"बसा, लल्ला."

"आणि कुठंही जाणार नाही."

"बरं."

हे 'बरं' दलंदाला फार झोंबलं. ती तरातरा निघाली, पण तिची स्वतःची खुर्ची फाटकाजवळच्या खोलीत राहिली होती आणि पुन्हा अंगण ओलांडून जायला गुडघे तयार नव्हते. तिनं हाताशी होती ती निळी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली.

पोरं यायला लागली. एकेक जण आत येई, दलंदाकडं बघे, "सबाहल्खैर, ताता दलंदा" म्हणे आणि थेट कणकेकडं जाई. कुणी थांबलं नाही. एकानं तिच्या मांडीवर डबा ठेवला, तो परत घ्यायला विसरला, आणि सोंदूसकडं जाऊन "माझा डबा कुठाय" म्हणून विचारायला लागला.

तस्नीम तेवढी जवळ आली. तिची आई आज दाराशी उभी होती, बसायला खुर्ची नाही म्हणून अवघडलेली. तस्नीमनं खुर्चीच्या निळ्या पाठीवर हात ठेवला आणि दलंदाला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही आईची खुर्ची आहे," ती म्हणाली. "तू कुणाची आई?"

दलंदानं मांडीवरचा डबा उचलून टेबलावर ठेवला. तस्नीम वाट बघत उभी राहिली. लहान मुलं प्रश्न विचारून निघून जात नाहीत, हीच त्यांची पीडा.

चटईवरून खिडकी. दलंदानं खिडकीकडं पाहिलं. खिडकीवरून दार. दाराकडं पाहिलं. दारावरून फाटक. अंगणापलीकडं फाटकाजवळची खोली उघडी होती, रिकामी, आणि तिच्यात टेबल नव्हतं म्हणून ती आज जरा मोठी वाटत होती.

सी तय्यबची टोपी. साहेबाचा चमचा. एका पायात काळी चप्पल.

"ऊठ गं," तस्नीम म्हणाली. "माझ्या आईला बसायचंय."

दलंदा उठली. तिनं खुर्ची उचलून दाराशी नेली, तस्नीमच्या आईला बसवलं आणि सोंदूसच्या दंडाला धरून तिला अंगणात घेऊन आली.

"कधीपासून सरकवतेयस मला?"

सोंदूसनं नाटक केलं नाही. "मादाम नजवा पहिल्यांदा येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात ना, मी गेले तर पोरं रडतील म्हणून."

"मग?"

"मला माहीत होतं, पोरं नाही रडणार."

हे फार कठोर होतं, आणि ती ते अगदी हळू म्हणाली. दलंदाला वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. हात काही उचलला नाही. डोळे मात्र भरून आले, आणि त्याचाही राग आला.

"रौदा हवीय तुला?"

"हो," सोंदूस म्हणाली. "हवीय. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवसापासून हवीय."

"म्हणजे ढकललंसच ना शेवटी!"

"ढकललं नाही, लल्ला. तुम्ही हसल्याशिवाय एकदाही हलवलं नाही."

आतून कसला तरी धप्पकन आवाज आला, मग रडणं. दोघीही वळल्या. दलंदाचं एक पाऊल पुढं पडलं आणि तिथंच थांबलं. सोंदूस आत गेली. रडणं थांबलं.

सोमवारी दलंदानं मादाम नजवाला फोन केला. त्याच्या पुढच्या सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं. ट्युनिसला जायला गावच्या अड्ड्यावरून दिवसभर सामाईक गाड्या सुटायच्या, तासाभराचा रस्ता. पण सी मुंजीनं पाहुण्यांना सांगावं तसं गल्लीभर सांगितलं की बायको संसदेत भांडायला निघालीय, इतकी वर्षं माझ्यावर सराव करत होती.

निघायच्या सकाळी ती नवी चप्पल घालून रौदात आली. पोरं गाण्यात दंग होती. फाटकातून मान घालून तिनं पाहिलं, सगळं ठीक होतं. तसंच परत फिरावं, असं तिला वाटलं. पोरं रमलीत, कशाला त्यांचं गाणं मोडा. दोन पावलं वळलीही ती.

मग स्वतःचीच लाज वाटून ती आत गेली, टाळी वाजवून म्हणाली, "पोरांनो, मी निघाले. आता रोज येणार नाही. शुक्रवारी कधीतरी येईन."

"जा," तस्नीम म्हणाली. तिनं मान वर केली नाही. कणकेच्या मेंढ्याला शिंगं लावायची होती. तिची आई केव्हाच कारखान्यात जायला लागली होती. बाकीच्यांनी हात हलवले. एकानं विचारलं, येताना काय आणशील, आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.

दलंदानं सुटकेचा श्वास सोडला आणि सोंदूसकडं पाहिलं. सोंदूस पाठमोरी, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. पाणी कुंडी भरून खाली फरशीवर वाहत होतं, आणि तिचे खांदे हलत होते.

बाहेर ट्युनिसच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. दलंदानं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं कोपऱ्यातली निळी खुर्ची उचलली, चटईला लागून ठेवली, पर्स मांडीवर घेतली आणि बसली.

"लल्ला, गाडी," सोंदूस न वळता म्हणाली. आवाज भिजलेला.

"जाईल. दुसरी येईल."

सोंदूसनं नाक पुसलं. गाणं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात एका पोरानं कणकेचा अख्खा मेंढा तोंडात कोंबला, आणि तस्नीमनं किंकाळी फोडली, "माझं मेंढरू थुंक!" सोंदूस हसली. चांगली मोठ्यानं हसली, आणि हसताना तिनं एकदाच, अगदी चटकन, दलंदाकडं पाहिलं.

त्या पाहण्यावरून दलंदाला कळेना, ती खरंच हसली की आपण उठावं म्हणून हसली. या पोरीचं कधीच काही कळलं नव्हतं.

पण हसली होती. दलंदा उठली आणि तिनं खुर्ची खिडकीखाली नेऊन ठेवली.